चाळीस माणसांचं भरीत

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली, की आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप येतो. दोनच शब्दांचा. 'वांगी कधी?' कुठे, कशाला, कोण कोण, असं कुणी विचारत नाही. तुमच्यातले जे जळगाव, भुसावळ, यावल, रावेर भागातले असतील त्यांना एव्हाना कळलं असेल मी कशाबद्दल बोलणार ते. भरीत पार्टी! पार्टी शब्द इंग्रजी खरा, पण आमच्याकडच्या ऐंशी वर्षांच्या आजीलाही तो परका वाटत नाही. शेतात जायचं, वांगी भाजायची, सगळ्या कुटुंबानं मिळून खायची. झाली पार्टी.

मी पुण्यात राहते त्याला आता तीस वर्षं होतील. माहेर यावल तालुक्यातलं. भरीत मला येतं, हे मी इतकी वर्षं गृहीत धरून चालले होते. आठवड्याला एकदा तरी घरात व्हायचं. म्हणून एका वर्षी, नवं घर झालं तेव्हा, मी सासर-माहेरच्या पस्तीस जणांना मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, यंदा भरीत माझ्याकडे.

मंडईतून दहा किलो वांगी आणली. जांभळी, चकचकीत, दिसायला देखणी. गॅसच्या चार शेगड्यांवर चार वांगी चढवली. एका वांग्याला वीस मिनिटं धरा. दहा किलोत किती वांगी आणि त्यांना किती तास, हा हिशेब मी केलाच नव्हता. सकाळी नऊला बसले ती साडेबारापर्यंत भाजतच होते. तिसऱ्या खेपेला टोचे मारायची विसरले, तर एक वांगं फटकन फुटलं आणि नव्या रंगाच्या भिंतीवर जाऊन बसलं. मग वेळ वाचवायला सगळा गर मिक्सरमधून फिरवला. पातेल्यात उरला तो राखाडी, गिळगिळीत लगदा, आणि बियाच बिया. माझे चुलतसासरे फार सभ्य माणूस. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "सूनबाई, वरण छान झालंय हं."

रात्री आत्याला फोन केला. रडकुंडीलाच आले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, तू दोन माणसांचं भरीत हजारदा केलंस. चाळीस माणसांचं एकदाही केलं नाहीस. ते निराळं असतं."

पुढच्या मार्गशीर्षात मी मुद्दाम रजा काढून गेले, आणि आत्याच्या मागे मागे फिरले.

आता वांग्यापासूनच सुरू करते, कारण निम्मं भरीत तिथंच ठरतं. आमच्याकडचं भरताचं वांगं जांभळं नसतं. फिकं हिरवं, अंगावर पांढुरके पट्टे, आणि चांगलं थोराड. एकेक वांगं पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत सहज भरतं, काही त्याहून मोठी. बी कमी, गर भरपूर, आणि भाजल्यावर त्याला एक तेलकट झाक येते. यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं यासाठी प्रसिद्ध. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता भाव वाढतील." आत्या वांगं कशी निवडते, तर दोन सारख्या आकाराची दोन्ही हातांत घेते आणि जे जड लागेल ते परत ठेवते. जडात बी असतं. देठ हिरवा हवा, साल ताणलेली हवी. बोटानं दाबलं तर जागा परत वर यायला हवी. बारा किलो वांगी तिनं अशी एकेक करून घेतली, आणि भाजीवाला निमूट बघत होता.

चाळीस माणसांना बारा किलो. माणशी तीनशे ग्रॅम. जास्त वाटेल, पण भाजून सोलून हातात सात-आठ किलोच गर येतो. आणि शेतातल्या थंडीत माणसं जेवतात कशी, हे ज्यानं पाहिलंय तो कमी घ्यायला सांगणार नाही.

भाजण्याचं काम पुरुषांचं. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण आमच्या घराण्यात वर्षातून हा एकच स्वयंपाक असा आहे जिथे भाऊ, मेव्हणे, जावई उठून कामाला लागतात, म्हणून मी त्या प्रथेविरुद्ध काही बोलत नाही. गोठ्यामागे गेल्या हंगामातल्या तुराट्या रचून ठेवलेल्या असतात. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. काही जण पऱ्हाट्या घेतात, कपाशीच्या. काड्या बारीक, कोरड्या; धडाडून पेटतात, मोठी ज्योत देतात आणि लवकर विझतात. त्यांचा पसरट ढीग करून त्यावर वांगी मांडायची, वर आणखी काड्या, आणि पेटवून द्यायचं. बारा किलो वांगी दोन खेपांत भाजून होतात. गॅसवर मी साडेतीन तास घालवले होते.

ज्योतीत साल बाहेरून एकदम जळते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. धुराचा वास सालीखाली उतरतो. माझा मावसभाऊ पहिल्यांदा भाजायला बसला होता. तो वांगी काळी पडायला लागली की घाईनं काठीनं बाहेर ओढायचा. आमच्या बोलीत ळ चा य होतो. आत्या लांबून ओरडली, "कायं होऊ दे! अजून कायं होऊ दे!" वांगं पुरतं कोळशासारखं झालं, देठाजवळ काठीनं दाबलं तर काठी लोण्यात जावी तशी आत गेली, तेव्हाच तिनं काढू दिलं. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो. तिथं कच्चं राहिलं तर भरतात कचकच लागते.

भाजलेली वांगी लगेच सोलायची नाहीत. घमेल्यात घालून वर दुसरं घमेलं उपडं घालायचं, पंधरा मिनिटं. घाम सुटून साल आपोआप सुटते. मग हात पाण्यात बुडवत बुडवत सोलायचं. वांगं मात्र पाण्यात धुवायचं नाही. चार काळे कण राहिले तर राहू द्यावेत, धुतलं तर धुराचा वासच जातो. हे सोलणं म्हणजे आठ-दहा जणी गोल बसून. कुणाची सून काय करते, कुणाच्या मुलाचं लग्न का मोडलं, ते सगळं इथंच कळतं. मला वाटतं भरीत पार्टीला बायका इतक्या उत्साहानं येतात त्यामागे वांग्यापेक्षा हे घमेलं आहे.

त्यानंतर बडगी. लाकडाचं खोलगट भांडं, आणि त्यात ठेचायला लाकडी मुसळ. आमची बडगी पणजोबांच्या वेळची आहे, तळाशी इतकी झिजलीय की हात फिरवला तर रेशमासारखी लागते. तिच्यात आधी मिरच्या आणि लसूण ठेचायचा, तो काढून घ्यायचा, आणि मग त्याच बडगीत वांग्याचा गर. ठेचायचा, वाटायचा नाही. गराचे धागे दिसले पाहिजेत. मिक्सरच्या पात्यानं ते धागे तुटतात आणि माझ्यासारखा लगदा होतो.

आता मिरची. इथे जरा थांबते, कारण मोठ्या स्वयंपाकात माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथं. आमच्या भरतात हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. सगळी चव हिरव्या मिरचीवर. घरी एका वांग्याला तुम्ही चार मिरच्या घालत असाल, तर चाळीस वांग्यांना एकशे साठ, असं गणित करू नका. एकाच ढिगातली एक मिरची गोडी असते आणि दुसरी कानातून धूर काढते. चार मिरच्यांत एक तिखट निघाली तर आपण पाणी पिऊन मोकळे होतो. किलोभर मिरचीचा वाणच तिखट निघाला तर चाळीस माणसं उपाशी. आत्यानं किलोभर मिरच्या घेतल्या, भाजल्या, थोडं मीठ घालून लसणाबरोबर ठेचल्या, आणि त्यातला अर्धाच ठेचा फोडणीत घातला. उरलेला वाटीत. चव बघून थोडा थोडा. शेवटी वाटीत जो राहिला तो पानात डाव्या बाजूला, ज्याला हवा त्यानं घ्यावा. मुलांसाठी आणि माझ्या आईसाठी, तिला तिखट चालत नाही, ठेचा पडायच्या आधीच दोन वाट्या गर बाजूला काढून त्यात दही, मीठ आणि कोथिंबीर.

फोडणी एका दमात करत नाहीत. कढई कितीही मोठी असली तरी तापल्या तेलात आठ किलो गर ओतला की तेल गार पडतं आणि सगळं नुसतं उकडत बसतं. आम्ही तीन घाण्यांत करतो. तेल सढळ हातानं. त्यात आधी शेंगदाणे, मग सुक्या खोबऱ्याचे काप; दोन्ही तांबूस झाले की जिरं, ठेचा, आणि ढीगभर कांद्याची पात. पात मऊ पडली की गर. मीठ सगळ्यात शेवटी, तिन्ही घाणे एकत्र केल्यावर, एकाच माणसानं घालायचं. आमच्याकडे एका वर्षी तिघींनी आपापल्या परीनं मीठ घातलं होतं. त्याबद्दल अजून कुणी बोलत नाही.

भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. आम्ही चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घेतो. ज्वारीला गव्हासारखी चिकटाई नसते, ती उडीद देतो. त्यामुळे ही पुरी लाटण्यापेक्षा ओल्या फडक्यावर थापावी. माणशी आठ धरा, तीनशे वीस पुऱ्या. थापायला चौघी, तळायला एक, आणि तळणारीनं उठायचं नाही. ज्यांना तळण नको त्यांच्यासाठी कळण्याच्याच भाकरी. सोबत मुळा, कांदा, आणि ताक. बस. पाचवा पदार्थ करायचा मोह मोठ्या पंगतीत फार होतो, तो टाळा. चाळीस माणसांत गुलाबजाम कुणाला आठवत नाही, पण ते करताना तुमची कंबर मात्र तुम्हाला आठवते.

आमच्याकडे हे सगळं बहुतेक चंपाषष्ठीच्या आसपास सुरू होतं. पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बंद असतो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की चार महिन्यांनी पहिलं वांगं पानात पडतं. चार महिने थांबल्यानंतरची ती भूक असते, त्यामुळे पहिल्या पार्टीचं भरीत उरलंय असं मी कधी पाहिलेलं नाही.

पुण्यात आता कसं करते? इमारतीत तुराट्या पेटवल्या तर सोसायटीची बैठकच बोलावतील. माझ्या दिरांचा गावाबाहेर एक प्लॉट आहे, अजून बांधलेला नाही. तिथं विटा मांडून, लोखंडी जाळी टाकून, सुक्या काटक्यांवर भाजतो. हिरवी वांगी भाऊ जळगावहून रात्रीच्या गाडीनं गोणीत पाठवतो. बडगी मात्र इथं मिळेना, म्हणून मोठ्या लाकडी परातीत ठेचायचे. गेल्या वर्षी आत्या स्वतः आली. ऐंशीला टेकलीय, गुडघे दुखतात, तरी आली, आणि येताना जुन्या लुगड्यात गुंडाळून ती पणजोबांची बडगी घेऊन आली. "आमच्याकडे आता सगळे बाहेरूनच भरीत मागवतात," म्हणाली, "तू ठेव."

त्या रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझे तेच चुलतसासरे बडगीजवळ बसलेले दिसले. हातात अर्धी पुरी. बडगीच्या तळाला चिकटलेलं भरीत पुसून घेत होते, आणि माझा सात वर्षांचा पुतण्या समोर उभा राहून त्यांना म्हणत होता, "आजोबा, ती बाजू माझी आहे."