थांबली की ओवायची

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापूरहून गोंदियाला महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते. सुमारे १,३४६ किलोमीटरचा प्रवास, आणि तो सगळा आपल्याच राज्यात. दुपारी बसलं की गोंदिया येतं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुण्याहून नागपूरला विमान दीड तासाच्या आत नेतं, मग तू रेल्वेत का बसतेस, असं घरची मुलं मला विचारतात.

विमानाचं मोल मी जाणते. वडील अत्यवस्थ आहेत असा फोन आला तेव्हा विमानानंच गेले, म्हणून भेट झाली. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं. तेव्हा काढलं नाही तर नशिबी वेटिंग. रात्र उलटली की डब्यातल्या संडासाची जी दशा होते, ती बायकांना फार जाचते. हे सगळं खरंच. पण विमानात शेजारच्याचं गावही न कळता आपण उतरतो. शिवाय हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी तपासणीत काढून घेतात.  

तर याच गाडीत एकदा मिरजेहून एक आजी चढल्या. वर्ध्याला लेकीकडे, नातवाच्या बारशाला निघालेल्या. गाडी सुटताच त्यांनी पिशवीतून दुपटं काढलं, जुन्या इरकली लुगड्याचं, अर्धं शिवलेलं. धावदोरा सुरेख, एकसारखा. हात सवयीनं चालायचा, पण नेढं काही दिसायचं नाही. धावत्या गाडीत मलाही ओवता येईना. मग ठरलं, गाडी थांबली की सुई ओवायची. कराड आलं, ओवली. सातारा आलं, ओवली. मागच्या बाकावरचा कॉलेजातला मुलगाही स्टेशन आलं की उठून यायचा.

सकाळी जळगाव सोडलं आणि भुसावळच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. सगळा डबा वैतागलेला. आजी तेवढ्या खुशीत! "थांबली न्हवं? ओव की गं बाई, हाताला लागतील तेवढ्या ओवून ठेव." आम्ही सहा सुया ओवल्या आणि उशीच्या कडेला ओळीनं टोचून ठेवल्या. त्यानंतर अकोला, बडनेरा कधी गेलं ते कळलं नाही. थांबली की ओवायची, सुटली की शिवायचं.

वर्धा आलं तेव्हा वीतभर कड राहिली होती. जावई सामान घ्यायला पुढे झाले. आजी फलाटावरच्या बाकावर बसल्या, दुपटं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा वाईच, येवढी गाठ मारू द्या." आमची गाडी सुटली तेव्हा त्या शिवतच होत्या.