भेट दिलेली पुस्तकं शेवटी कुठे जातात?

मंडळी, नमस्कार. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली असताना, चकलीची भाजणी दळून आणायचं सोडून तुम्ही इथे आलात, त्याबद्दल आधी आभार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सणाची भेट : पुस्तक’. मी ‘बुके नको, बुक द्या’ एवढं सांगून खाली बसावं अशी संयोजकांची अपेक्षा असावी. तेवढ्यासाठी मी कशाला हवा? मी एकतीस वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळली. भेट दिलेल्या पुस्तकांचं पुढे काय होतं ते मी बघितलंय, तेच सांगतो.

त्यातली बरीचशी फिरून आमच्याकडेच येतात. दसरा झाला, घरोघरी आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरच्या पिशव्या खाली उतरतात. पुस्तक रद्दीत घालायला हात धजत नाही, सरस्वती आहे ना! मग ‘वाचनालयाला देऊन टाकू’. यातलं ‘टाकू’ महत्त्वाचं. सकाळी कुलूप काढायला जावं तर पायरीवर पिशवी. दाखल नोंदवहीत चढवण्याआधी मी एकेक पुस्तक उघडून बघायचो. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात ‘चि. सौ. कां. अमुक हिस विवाहानिमित्त सप्रेम भेट’, खाली तारीख आणि लफ्फेदार सही. छापील किंमत बॉलपेननं गिरवून गिरवून खोडलेली, इतका जोर लावून की पानाला भोक. आणि पुढे पुस्तक कोरं करकरीत. एका कादंबरीची तर छापखान्यात कापायची राहिलेली पानं तशीच जोडलेली होती. भेटीची तारीख 1981 सालची. ती पानं मी पट्टी घालून सोडवली तेव्हा 2011 उजाडलं होतं. तीस वर्षं त्या बाईंनी ते पुस्तक सांभाळलं, दोन घरं बदलताना बरोबर नेलं आणि उघडलं एकदाही नाही. कारण द्यायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, “मला कादंबऱ्या कधी आवडल्याच नाहीत हो. पण काकांनी दिलेलं, टाकणार कसं?”

निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला की महिन्याभरात सार्थ ज्ञानेश्वरी येणार, हे तर मी डोळे मिटून सांगायचो. एका वर्षी सात आल्या. जास्तीच्या प्रती आमच्या भाषेत ‘बाद’ करतात. पण ज्ञानेश्वरी बाद करण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे मांडणार कोण? त्या सातही अजून वरच्या फळीवर आहेत.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवायचे. तेलापासून जप, पाण्यापासून जप, बांधणी सैल होऊ देऊ नकोस, असं सांगून शेवटी पोथीच म्हणते, ‘मूर्खहस्ते न दातव्यम्’, मला मूर्खाच्या हाती देऊ नकोस. आपण सणासुदीला नेमकं उलटं करतो. ज्याला थोडी अक्कल यायला हवी असं आपल्याला वाटतं, त्याला हेरून पुस्तक देतो.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझा भाचा दहावी झाला तेव्हा मी त्याला व्यक्तिमत्त्व विकासाचं एक जाडजूड पुस्तक दिलं. चकचकीत वेष्टन, वर रिबीन. त्यानं ते उघडलं, मुखपृष्ठ वाचलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “मामा, माझ्यात काय कमी वाटलं तुम्हाला?” ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पोरगं बरोबर बोललं होतं. पुढच्या भाऊबिजेला गेलो तेव्हा त्याला पुस्तकाच्या दुकानात नेलं, खिशातली नोट हातात दिली आणि मी बाहेर चहा पीत बसलो. पाऊण तासानं तो सापांवरचं पुस्तक घेऊन आला. मला सापाचं चित्रदेखील बघवत नाही. ते पुस्तक मात्र आमच्या पायरीवर कधी आलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे दुसऱ्यासाठी पुस्तक निवडायचंच नाही का? तसं नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. तेव्हापासून किती मुलींच्या सामानात ते सासरी गेलं असेल याची गणती नाही. परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेतही गेलं. आमच्याकडे देणगीत आलेली त्याची एक प्रत मी मुद्दाम कपाटात लावली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. पहिल्या पानावर ‘आईकडून’ एवढंच. पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अंगठा, अनारशांच्या पानाला तुपाचा डाग पडून ते पारदर्शक झालेलं, आणि समासात पेन्सिलीनं ‘आमच्या वाटीनं पाऊणच’. ग्रॅमचं गणित न घालता वाटी-चमच्याचं माप दिलेलं, म्हणून तर ते ओट्यावर उघडं राहिलं. आईला पक्कं ठाऊक होतं की आठवड्याभरात ही ते उघडणार. आता मुलीला स्वयंपाकाचं पुस्तक आणि जावयाला काहीच नाही, यावर भांडता येईल, आणि भांडायला हवंच. पण भेट लागू पडली हे मान्य करा.

आणि आपल्याकडे याहून सोपी सोय आहेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा खास दिवाळीसाठी अंक काढला. हे मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापायी त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव घेतलं. इंग्रजी मासिकांचे नाताळचे अंक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणजे कल्पना नाताळची, पण ती आपण फराळात अशी मुरवली की आता कुणाला आठवतही नाही. दिवाळी अंकाची भेट मला आवडते ती यासाठी, की देणाऱ्याला आपण घेणाऱ्याला पुरते ओळखतो असा आव आणावा लागत नाही. कथा आहे, कविता आहे, व्यंगचित्रं आहेत, वैचारिक लेख आहे, मागे राशिभविष्य आहे. आजोबांनी लेखापासून सुरू करावं, आजीनं सरळ शेवटून. लहान मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून आहे. आणि अंक चार हातांतून फिरला तरी देणाऱ्याला राग येत नाही. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते ना, तिच्यासाठी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच लोक दाराशी उभे असायचे. आम्हाला कसला पाडवा!

आइसलँडचं हल्ली फार कौतुक ऐकतो. चार लाखांच्या आत वस्ती, आणि 24 डिसेंबरच्या रात्री घरोघरी एकमेकांना पुस्तकं देतात. महायुद्धाच्या काळात बाहेरून वस्तू येणं अवघड झालं होतं, कागद मात्र त्यामानानं मिळत होता, म्हणून पुस्तकांची भेट रुळली. छान आहे. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट भावते. 1944 पासून तिथे नव्या पुस्तकांची यादी सणाआधी निघते, वर्षानुवर्षं ती घरोघरी पोचायची. म्हणजे घरातली माणसं ती चाळतात, खुणा करतात, आणि देणाऱ्याला अंदाज येतो.

आमच्या महिला मंडळानं एका संक्रांतीला हळदीकुंकवात पुस्तकं लुटायची ठरवली. दरवर्षी प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे. यंदा वाण म्हणून छोटी पुस्तकं. कल्पना माझीच, त्यामुळे मी खुशीत. साठेक बायका आल्या, तिळगूळ झाला, पुस्तकं वाटली. कोपऱ्यातल्या एक मावशी पुस्तक उलटं धरून बसल्या होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, “भाऊ, वाटी नाही का एखादी? मला वाचता येत नाही.” चारचौघांत त्यांना हे बोलावं लागलं ते माझ्यामुळे. एकतीस वर्षं पुस्तकांत काढली, आणि आलेल्या प्रत्येकीला वाचता येतंय का एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. पुढच्या वर्षी ताटात दोन्ही ठेवलं, वाटीही आणि पुस्तकही. जिला जे हवं ते तिनं उचललं. वाट्या आधी संपल्या, हेही सांगून टाकतो.

नाशकात कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तुम्हाला माहीत असेल. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. दुबईपर्यंत पेट्या गेल्यात. देणगीदार पैसे देतो, पण अमक्यानं अमुक वाचावं असं म्हणत नाही. शंभरात एखादं तरी आपलं सापडतंच.

आता माझं एक काम. वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर दोरीनं बांधलेली एक वही असते, मागणी वही. न मिळालेल्या पुस्तकाचं नाव, सभासद क्रमांक आणि तारीख त्यात लिहायची. बजेट येईल तसं आम्ही घेत जातो. या वहीचा दुसरा उपयोग मला एका सुनेनं शिकवला. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत ती आली आणि म्हणाली, “काका, आमचे बाबा इथे काय काय मागतात ते बघायला मिळेल का? दिवाळीला त्यांना काय द्यावं कळतच नाही. गेल्या वर्षी आत्मचरित्र दिलं, ते अजून कव्हरातच आहे.” आम्ही पानं उलटली. तिच्या सासऱ्यांनी आठ महिन्यांत तीनदा एकच मागणी नोंदवली होती: ‘ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्ती, मराठी.’ तिसऱ्यांदा खाली दोन रेघा मारल्या होत्या. तिला हसू आवरेना. घरात कुणाला पत्ताच नव्हता.

नवीन प्रत काही मिळाली नाही. शेवटी पुण्यात अप्पा बळवंत चौकात हिंडून तिनं एक जुनी पैदा केली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. पाडव्याला दिली. रेडिओ अजून सुरू झालेला नाही. तिच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेली दोन वर्षं सुट्या भागांनी अडलाय, आणि बाबा पुस्तक समोर उघडं ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, रोज दुपारी तिथे बसतात. परवा वाचनालयात आले होते. मागणी वहीत नवी नोंद करून गेलेत. कुणाच्या घरचे असतील तर येऊन बघून जा, वही टेबलावरच आहे.