धुळीच्या तबकडीत ग्रह कसा ओळखायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

वृषभ तारकासमूहात, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, एचएल टाउरी नावाचा एक तान्हा तारा आहे. २०१४ साली चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने त्याच्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी टिपली. अशाच तबकडीत ग्रह घडतात. तिच्यात धुळीची एकात एक बसलेली तेजस्वी कडी दिसली. कड्यांच्या मध्ये काळोखे पट्टे.

हे पट्टे ग्रहाने धूळ गिळल्यामुळे पडतात, असं मुख्यतः नाही. खरी करामत वायूची. तबकडीच्या वजनात धूळ साधारण शंभरात एक भाग, बाकी वायूच. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित सावकाश फिरतो. धुळीला तो आधार नाही. तिला सतत समोरून वारा लागतो, वेग घटतो आणि ती ताऱ्याकडे घसरते. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे तितक्या अंतरावरचा मीटरभर दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यापाशी पोचेल, असं गणित सांगतं. ग्रह घडायला तर लाखो वर्षं हवीत!

आता तबकडीत पृथ्वीच्या वीसेक पट वस्तुमानाचा ग्रह आहे असं धरा. त्याच्या आतल्या बाजूचा वायू त्याच्यापेक्षा जलद फिरतो. ग्रहाची ओढ त्या वायूचा कोनीय संवेग, म्हणजे कक्षेत फिरण्याचा जोर, काढून घेते आणि वायू आत सरकतो. उलट, बाहेरच्या वायूला हा संवेग मिळतो आणि तो बाहेर ढकलला जातो. कक्षेवर चर पडतो आणि चराच्या बाहेरच्या काठावर दाबाचा उंचवटा, म्हणजे आजूबाजूपेक्षा जास्त दाबाचा पट्टा, तयार होतो. तिथे समोरचा वारा थांबतो, म्हणून बाहेरून घसरत येणारे मिलिमीटरभर कण तिथेच अडकतात. तेच आपल्याला दिसणारं कडं. सूक्ष्म धूळ मात्र वायूबरोबर चरातून आत झिरपते, म्हणून सूक्ष्म धूळ दाखवणारं अवरक्त प्रकाशातलं चित्र आणि मिलिमीटरभर कण दाखवणारं अल्माचं चित्र एकाच तबकडीचं असूनही जुळत नाही. दोन्ही शेजारी ठेवूनच पाहावीत.

पण कडं दिसलं की ग्रह आहेच, असं म्हणण्याची घाई नको. चुंबकीय क्षेत्रामुळेही अशी कडी उमटू शकतात. म्हणून वायूचा वेग मोजतात. २०१८ मध्ये एचडी १६३२९६ या ताऱ्याच्या तबकडीत कार्बन मोनॉक्साइडच्या गतीत ठरावीक जागी वाकडेपणा आढळला. तो ग्रहाच्या ओढीशी जुळतो.

सर्वांत भक्कम पुरावा पीडीएस ७० या ताऱ्याचा, ३७० प्रकाशवर्षांवरचा. इथे २०१८ आणि २०१९ मध्ये दोन ग्रह प्रत्यक्ष दिसले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजलं तर ते ताऱ्यापासून साधारण २२ आणि ३४ पट लांब आहेत, आणि धुळीचं कडं ७४ पटीच्या आसपास. म्हणजे ग्रह कड्यात नाहीत, कड्याच्या बरेच आत, पोकळीत आहेत! बाहेरच्या ग्रहाभोवती तर २०२१ मध्ये त्याची स्वतःची छोटी तबकडीही दिसली. आपल्या चंद्राएवढे तीन उपग्रह घडतील, इतकी धूळ तिच्यात असू शकते.