ताण कधी सोडायचा? बोगनवेल आणि मोगरा

(जानेवारीअखेरीस मुलुंडमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी द्रुतगती मार्गावरून येत होते. दुभाजकावरची बोगनवेल नुसती पेटलीय. मुळाशी डबर, अंगावर धूर, टँकर येईल तेव्हा पाणी, आणि फुलं अशी की पान दिसत नाही. आपल्या गॅलरीतली बोगनवेल मात्र रोज सकाळी तांब्याभर पाणी पिऊन आठ फुटी काटेरी फांद्या काढते आणि ढिम्म बसते. मोगऱ्याचं गाऱ्हाणं याच जातीचं. नर्सरीतून आणला तेव्हा कळ्यांनी लगडलेला होता, महिनाभर फुलला, त्यानंतर तीन वर्षं नुसती पानं. दर आठवड्याला कुणीतरी मला यातलं एक तरी सांगतंच.

ही दोन झाडं मी मुद्दाम एकत्र घेतली. मुंबईत थंडी पाहुणी येते आणि चहा न घेताच निघून जाते, त्यामुळे वसंत आला हे आपल्याला हवेवरून कळत नाही, फुलांवरून कळतं. बोगनवेल आत्ताच सुरू झालीय, मोगरा मार्चमध्ये धरेल. दोघांनाही रोखठोक ऊन हवं, निदान पाच-सहा तास. दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी असेल तर उत्तम. उत्तरेची असेल तर मनीप्लांट लावा आणि आजचं बोलणं करमणूक म्हणून ऐका. दोघंही नव्या फुटीवर फुलतात. आणि दोघांच्याही बाबतीत सगळी मेख एका शब्दात आहे: ताण.

हा शब्द बागायतदारांचा. ज्यांच्या घरी डाळिंब, संत्रं, मोसंबी आहे त्यांना बहार धरणं माहीत असेल. झाडाचं पाणी तोडायचं, त्याला पान गाळू द्यायचं, मग खत घालून पाणी सोडायचं, की मोहोर फुटतो. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे त्याचे हंगाम. कुंडीतही हेच चालतं, हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. तेही टाकी फुटली म्हणून.

आमच्या सोसायटीची टाकी एका फेब्रुवारीत दुरुस्तीला काढली. दहा-बारा दिवस पाणी सकाळी अर्धा तास. झाडांना पाणी घालणं चैनच होती. तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं उरायचं, ते मी मोगऱ्याला घालायचे, कारण देवाला फुलं त्याची. बोगनवेलीला टिपूस नाही. तिसऱ्या आठवड्यात ती फुलली. चार वर्षांत पहिल्यांदा! आणि ज्याच्यावर माझी एवढी माया तो मोगरा? हिरवागार, टवटवीत, कळी एक नाही. मी उलटं केलं होतं असं नाही हं. बोगनवेलीला ताण नकळत बसला, मोगऱ्याला बसलाच नाही, एवढंच.

आता ही फांदी बघा. जवळून बघा, हात जपून. आपण जिला गुलाबी फूल म्हणतो ती फुलाची पाकळी नाही. कागदासारखी तीन रंगीत पानं आहेत, त्यांवर पानासारख्याच शिरा दिसतायत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलीय आणि तिच्या टोकाला मोहरीएवढं पांढरट तोंड उघडलंय. फूल ते. तिची जवळची नातलग आपल्या प्रत्येक चाळीच्या मागच्या अंगणात असायची, गुलबाक्षी. पुनर्नवाही त्याच कुळातली. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 च्या सुमारास बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजावरच्या कॉमर्सन या वनस्पतितज्ज्ञानं रिओ दि जानेरोजवळ ती टिपली आणि नाव कप्तानाचं लागलं. कॉमर्सनची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेशात त्या जहाजावर होती. जगप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. वेलीला तिचं नाव असतं तर मला जास्त आवडलं असतं.

असो. पानाच्या बगलेत हा काटा दिसतोय? मोहोरही याच जागेतून येतो. त्या जागेतून काटा निघणार की फूल, हे वेलीच्या अवस्थेवर. युरियासारखं नत्राचं खत, मोठी कुंडी आणि रोजचं पाणी मिळालं की ती फांद्या काढत सुटते. म्हणून तिला कुंडी जरा आखूडच ठेवा, मुळं गच्च झाली तरी चालतात. फुलायच्या दिवसांत पान किंचित मलूल दिसलं की मगच पाणी, पण ते भरपूर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. पुन्हा मलूल होईपर्यंत हात आवरा. अगदी सुकवू मात्र नका, छद गळतात. म्हणजे बोगनवेलीचा ताण पूर्ण सोडायचाच नाही, थोडा थोडा चालू ठेवायचा. छाटणी पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या आसपास. आणि कुंडी बदलताना मुळांचा गोळा फोडू नका. तिची मुळं ठिसूळ असतात, ती हे मनाला लावून घेते.

मोगऱ्याचं वेगळं. याचं कुळ पारिजातकाचं, ऑलिव्हचंही. त्याचा ताण थोड्या दिवसांचा, आणि तो एकदा सोडला की सोडला. आत्ता, याच आठवड्यात, त्याचं पाणी तोडा. कुंडीत असेल तर आठ-दहा दिवस पुरतात, जमिनीत जास्त. मग कात्रीनं निम्म्यावर छाटा आणि उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा. घरातली माणसं म्हणतील, झाड मारलंस. म्हणू द्या. वरची दोन बोटं माती उकरून मूठ-दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, चमचाभर निंबोळी पेंड, आणि त्या दिवसापासून पाणी नियमित. इथून पुढे मोगऱ्याला कोरडं ठेवलंत तर कळी पिवळी पडून गळते. एप्रिल-मेमध्ये लहान कुंडीला दोनदाही लागतं.

छाटणी का, तेही बघा. मोगऱ्याची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. शेंडा खुडला की त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून फूट येते आणि प्रत्येक फुटीच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका. एका टोकाची दोन टोकं झाली. म्हणून झुबका संपला की तो नुसता तोडू नका, खालच्या पानांच्या दोन जोड्या घेऊन खुडा. असं मेअखेरपर्यंत करत राहिलात तर झाड थांबत नाही. जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरी मोगरा लावून दादरच्या फुलबाजारात पाठवतात, तिथे भाव टपोऱ्या, न उमललेल्या कळीला. आपणही संध्याकाळी, कळी फुगली पण मिटलेली आहे तेव्हाच काढावी. ओल्या रुमालात ठेवली की रात्री घरभर होते.

जात विचारून घ्या. बटमोगरा गोल, भरगच्च, पण हट्टी आणि कळ्या कमी. मदनबाणाची कळी लांब. नवख्यानं साधा मोगरा लावावा, तो क्षमाशील असतो. बोगनवेलीत मला मेरी पामर आवडते, एकाच फांदीवर पांढरे आणि गुलाबी छद. काहींना ते भडक वाटतं.

पावसाबद्दल थोडक्यात. चार महिने आपल्याकडे ताण कसला! बोगनवेलीची कुंडी विटांवर उचला, बशी काढून टाका, म्हणजे मुळं कुजत नाहीत आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणीही साचून एकदम पडत नाही. ते भांडण मी भोगलेलं आहे. मोगऱ्यालाही बशी नको. खत दोघांनाही बंद.

प्रश्न आला आहे की मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे काय? बहुतेक लोह कमी पडतंय, किंवा माती घट्ट होऊन पाणी साचतंय. आधी कुंडीचं भोक बघा, औषध नंतर. नर्सरीची लाल माती वर्षभरात विटेसारखी होते. तिच्यात निम्मं शेणखत आणि थोडी वाळू घालून कुंडी नव्यानं भरा.

मागच्या टेबलावर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फांद्या आहेत, दोन्हींच्या. पावसाळ्यात जशा लागतात तशा आत्ता लागत नाहीत, म्हणून चार लावा, एखादी धरेल. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आहेत त्या बोगनवेलीच्या. त्या पिशवीत उभ्या धरा हं. गेल्या वेळी एक बाई आडव्या घेऊन ठाणे लोकलमध्ये चढल्या आणि कुर्ल्यापर्यंत सगळा डबा त्यांच्याशी बोलत होता.