शिवणीतली माया

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मुलाचा सदरा शिवायला टाकताना घरातले वडीलधारे शिंप्याला आवर्जून सांगतात, "शिवणीत माया ठेवा." मूल वाढले, की शिवण उसवायची, आत दुमडलेले कापड मोकळे करायचे आणि तोच सदरा आणखी वर्षभर वापरायचा. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हे अशी माया ठेवून शिवलेले असते. त्याचा मूळ कोड, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, कोणालाही वाचता येतो, गरजेप्रमाणे बदलता येतो आणि बदललेला कोड दुसऱ्याला देताही येतो. असे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते, परंतु फुकट असणे हा त्याचा मुख्य गुण नव्हे. मोकळे असणे हा मुख्य गुण आहे. अनेक देशांनी मिळून चालवलेल्या मोठ्या संस्थांना या मोकळेपणाची गरज का भासते, हे मला आज सांगायचे आहे आणि त्यासाठी आपल्याला जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जावे लागेल.

सर्न १९५४ साली स्थापन झाली. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर वसलेल्या या प्रयोगशाळेत जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ येतात, काही महिने राहतात आणि आपापल्या विद्यापीठांत परततात. प्रत्येकाचा संगणक वेगळा, कागदपत्रे ठेवण्याची रीत वेगळी, त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडणे कठीण. या अडचणीवर टिम बर्नर्स-ली या तरुण संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये सगळी कागदपत्रे एकमेकांना जोडणारे जाळे सुचवणारे, म्हणजेच पुढच्या वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडणारे, एक टिपण लिहून आपले वरिष्ठ माइक सेंडाल यांच्यापुढे ठेवले. सेंडाल यांनी त्याच्या माथ्यावर 'अस्पष्ट, परंतु उत्साहवर्धक' अशा अर्थाचे तीनच शब्द लिहिले. टिपण त्यांनी फेटाळले नाही, हे महत्त्वाचे. पुढे बर्नर्स-ली यांना नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक मिळाला आणि १९९० संपता संपता जगातले पहिले वेब पान त्यावर उघडले. त्या संगणकावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तांबड्या शाईत, हाताने लिहिलेली: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. सर्व्हर म्हणजे इतरांना पाने पुरवणारा संगणक, आणि तेव्हा तो एकच होता. त्या दिवसांत कोणी सहज हात लावून तो संगणक बंद केला असता, तर संपूर्ण वर्ल्ड वाइड वेब तेवढ्या वेळापुरते नाहीसे झाले असते.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्याच सुमारास माहिती शोधण्याची 'गोफर' नावाची दुसरी एक व्यवस्था लोकप्रिय झाली होती. ती अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली होती आणि वेबपेक्षा अधिक वापरात होती. १९९३ च्या प्रारंभी त्या विद्यापीठाने जाहीर केले, की गोफरच्या सर्व्हरसाठी यापुढे काही वापरकर्त्यांना परवाना शुल्क द्यावे लागेल. झाले, लोकांचे मन उडाले. शुल्क किती, यापेक्षा आज एक नियम आणि उद्या दुसरा, या अनिश्चिततेची धास्ती मोठी होती. मग साहजिकच वेबविषयीही तोच प्रश्न विचारला जाऊ लागला, की उद्या सर्ननेही पैसे मागितले तर काय करायचे?

बर्नर्स-ली यांचे बेल्जियन सहकारी रॉबेर कायो संस्थेच्या कायदा विभागाकडे खेटे घालू लागले. सर्न ही अनेक सरकारांच्या पैशावर चालणारी संस्था. तिथे एखादी वस्तू विकत घेण्याची पद्धत ठरलेली असते, परंतु स्वतःची वस्तू जगाला देऊन टाकण्याची पद्धत कोणत्या नियमात शोधायची? अखेर ३० एप्रिल १९९३ या दिवशी दोन संचालकांनी एका निवेदनावर सह्या केल्या. निवेदन अगदी छोटे आहे. त्यात वेबच्या सॉफ्टवेअरचे तीन भाग नोंदवलेले आहेत: साधा ब्राउझर, साधा सर्व्हर आणि दोघांना लागणाऱ्या कोडचा सामाईक संग्रह. या तिन्हींवरचे सर्व बौद्धिक हक्क सर्न सोडत आहे. कोणीही ते वापरावे, त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात बदल करावेत आणि ते पुढे वाटावे, एवढाच त्याचा आशय. श्रोतेहो, मी हे निवेदन कितीदा वाचले असेल, त्याची गणती नाही, आणि दर वेळी मला वाटते, की गेल्या शतकात इतक्या थोड्या ओळींत इतके मोठे दान क्वचितच कोणी दिले असेल.

ज्या संस्थेने जगाला हे मोकळेपण दिले, तिलाच पुढे ते स्वतःसाठी शोधावे लागले. सर्नला मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअरे शैक्षणिक संस्थेच्या सवलतीने मिळत असत. ती सवलत काढून घेण्यात आली, मार्च २०१९ मध्ये जुना करार संपला आणि नवा करार वापरकर्त्यांच्या संख्येवर ठरला. सर्नचे पगारी कर्मचारी सुमारे २,५००, परंतु तिथे ये-जा करणारे संशोधक १२,००० च्या घरात. माणशी आकारणी होताच परवान्यांचा खर्च दहापटीहून अधिक होणार होता. वाटाघाटींतून ही वाढ दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने होईल एवढे साधले. सुदैवाने असे काही घडेल हे ओळखून मायक्रोसॉफ्टला पर्याय शोधणारा 'माल्ट' नावाचा प्रकल्प वर्षभर आधीच सुरू झाला होता. कर्मचारी असो वा पाहुणा, प्रत्येकाला सारखीच सेवा मिळावी, एका विक्रेत्यावाचून अडून राहू नये आणि संस्थेची माहिती संस्थेच्याच ताब्यात राहावी, असे त्याचे सूत्र होते. पुन्हा सांगतो, फुकट मिळावे म्हणून नव्हे, मोकळे असावे म्हणून.

येथे मला आपल्या भाषेतले एक दुःख सांगावेसे वाटते. युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी एका संस्थेत मी वर्षानुवर्षे टंकलेले मराठी लेख आज उघडले, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात, कारण त्या फॉन्टची सांकेतिक मांडणी एका विक्रेत्यापाशीच होती. संस्थांनी आपले दस्तऐवज युनिकोडमध्ये आणि खुल्या फाइल-प्रकारातच ठेवावेत, असा माझा आग्रह आहे तो यामुळेच.

मुक्तस्रोत स्वीकारले म्हणजे चिंता मिटली, असे मात्र नाही. सर्नचे असंख्य संगणक सेंटओएसवर चालत. सेंटओएस म्हणजे लिनक्स या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीचा एक प्रकार. तिच्या आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत होणार होती, परंतु डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने ती २०२१ अखेर थांबवण्याचे जाहीर केले. तरीही येथे शिवणीत माया होती. कोड खुला असल्यामुळे इतरांनी त्यावरून आल्मालिनक्स ही तशीच प्रणाली उभी केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्नने व शिकागोजवळच्या फर्मिलॅब या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेने आपल्या प्रयोगांसाठी तीच निवडली. अर्थात, शिवण उसवायलाही जाणता हात लागतो. परवान्यांचे वाचलेले पैसे अशा जाणत्या माणसांच्या पगारावर खर्च करायला हवेत. ते न करणाऱ्या संस्था दोन वर्षांत जुन्या विक्रेत्याच्या दारी परततात, असे माझे मत आहे.

सर्नमध्ये बैठकांच्या नोंदींसाठी तयार झालेले इंडिको हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आज जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदांची नोंदणीही सांभाळते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सर्नच्या सीएमएस या कणांच्या टकरी टिपणाऱ्या प्रयोगाची विदा हाताळणारे संगणक केंद्र आहे. तिथे बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला सर्नच्या 'रूट' या मुक्तस्रोत विश्लेषण-सॉफ्टवेअरमध्ये चूक आढळली, तर ती त्याचा कोड उघडून नेमकी ओळ शोधू शकते, दुरुस्ती लिहून जिनिव्हाला पाठवू शकते आणि तपासणीत ती योग्य ठरली, तर पुढच्या आवृत्तीत तिने लिहिलेली ती ओळ जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचते.

नमस्कार.