अर्धा इंच असतो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

न्हाणीघरातला नळ टपकतोय आणि तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात निघाला आहात. जरा थांबा. पैसे घेतलेत, पिशवी घेतलीत. जुना भाग घेतलात का? जुना भाग सोबत न्यायचा. हे मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कारण दुकानाच्या जादा फेऱ्या होतात त्या बहुतेक याच एका विसरण्यामुळे.

आधी टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा. बऱ्याच घरांत हा व्हॉल्व्ह कुठला, हेच कुणाला ठाऊक नसतं. गच्चीवर आठ व्हॉल्व्ह रांगेत उभे आणि एकावरही खोलीचा नंबर नाही! लॉबीत संगमरवर बसवणाऱ्या बिल्डरला चमचाभर ऑइलपेंट जड जातो, याचं मला नेहमी नवल वाटतं. असो. व्हॉल्व्ह बंद केलात, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलंत. आता मुठीवरची छोटी टोपी चाकूच्या टोकाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ काढा आणि पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, सोडवा.

मूठ दोन-तीन वेढे फिरवावी लागत असेल, तर आत रबरी वॉशर आहे. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात पाणी येत असेल, तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं स्पिंडल आहे. तिथे वॉशर शोधत बसू नका. अख्खं स्पिंडलच बदलायचं. त्याच्या टोकाला बारीक दाते असतात आणि नळागणिक ते वेगळे असतात. दाते जुळले नाहीत की मूठ बसतच नाही, नाहीतर बसते आणि नुसती गरगर फिरते. म्हणून स्पिंडलबरोबर मूठही न्या. जुना भाग, आणि त्याची मूठ.

वॉशर बदलूनही महिन्याभरात नळ पुन्हा टपकू लागला, तर वॉशरला दोष देऊ नका. वॉशर ज्या पितळी कडेवर टेकतो, ती बैठक खराब झालेली असते. रेतीचा एखादा कण अडकतो, आपण मूठ जोर लावून आवळतो आणि कडेवर खाच पडते. आत बोट फिरवून बघा. खाच लागली तर नळच बदला.

आणि नळ बदलायचा म्हटलं की गंमत सुरू होते.

आपण दुकानात सांगतो, ‘अर्धा इंची नळ द्या.’ शेजारी उभा कारागीर त्यालाच चार सुती म्हणतो, कारण आठ सूत म्हणजे एक इंच. खोक्यावर छापलेलं असतं १५ मिलिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, दूध लिटरवर आलं, कापड मीटरवर आलं, पण नळाच्या काउंटरवर अजून इंचाचंच राज्य आहे. आता समजा, एखादा काटेकोर गृहस्थ घरूनच पट्टीने माप घेऊन आला. नळाचे आटे त्याने बाहेरून मोजले, भरले २१ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७, पाऊण इंच म्हणजे १९. म्हणजे आपला नळ निदान पाऊण इंची, असा हिशेब करून तो पाऊण इंची नळ घेऊन घरी जातो. तो नळ भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे नळीच्या काटकोनी जोडात, शिरतही नाही, कारण पाऊण इंची नळाच्या आट्यांची जाडी २६ मिलिमीटरच्या वर असते. गृहस्थाची पट्टी बरोबर होती, गणितही बरोबर होतं.

मग हा अर्धा इंच असतो तरी कुठे?

यासाठी आपल्याला १८४१ सालच्या इंग्लंडात जायला हवं. मँचेस्टरला जोसेफ व्हिटवर्थ नावाचा यंत्रं बनवणारा कारखानदार होता. तरुणपणी लंडनला हेन्री मॉड्सलेच्या कारखान्यात त्याचा हात तयार झाला होता, आणि अचूक स्क्रू कापण्यात मॉड्सलेची मोठी ख्याती होती. त्या काळी बोल्ट आणि नट यांची जोडी म्हणजे लग्नाची जोडी. ज्या कारखान्यात बोल्ट झाला, नटही तिथलाच लागायचा. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे; कुणाचे खोल, कुणाचे उथळ, कुणाचे दाट. यंत्र लांबच्या गावी गेलं आणि तिथे एक नट हरवला, तर तो नवा घडवून घ्यायचा. दोन यंत्रं एकदम उघडली आणि नटांची सरमिसळ झाली, की कारागिराचा दिवस गेला.

व्हिटवर्थने काय केलं? स्वतःचा आटा श्रेष्ठ म्हणून लोकांच्या गळ्यात मारला नाही. इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सरासरी काढली! आट्याच्या दोन उतारांमधला कोन सरासरीने ५५ अंश आला, तोच त्याने धरला. किती जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे, याचा तक्ता केला. पाव इंची बोल्टला २०, अर्धा इंची बोल्टला १२. १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे हा प्रस्ताव त्याने मांडला. सगळ्यांना थोडंथोडं बदलावं लागणार होतं आणि कुणालाच पूर्ण हार मानावी लागणार नव्हती. आपल्याकडे सोसायटीची सभा अशी एकदा तरी व्हावी.

रेल्वे कंपन्यांनी हा आटा उचलला. पुढे क्रिमियाच्या युद्धात आरमाराला तोफनौकांची इंजिनं तातडीने हवी होती. नव्वद दिवसांत नव्वद, असं सांगतात. जॉन पेन या इंजिनं बनवणाऱ्या कारखानदाराने वेगवेगळ्या कारखान्यांत सुटे भाग करून घेतले, आणि आटे एकाच मापाचे असल्यामुळे ते एकमेकांत बसले.

हाच ५५ अंशांचा कोन पुढे लोखंडी नळ्यांच्या आट्यांना लागू झाला. आता नीट ऐका. अर्धा इंच हे माप नळीच्या आतल्या पोकळीचं होतं. लोखंड जाड असायचं, आणि आटे पडायचे बाहेरून. पुढे नळ्यांची भिंत पातळ झाली. पण बाहेरची जाडी कमी करणार कशी? जगभरचे एल्बो आणि तीन तोंडांचे टी त्याच जाडीला जुळलेले! म्हणून बाहेरचं माप तसंच राहिलं आणि आतली पोकळी वाढली. आजची अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, नळी आतून साधारण १६ मिलिमीटर आणि बाहेरून २१ मिलिमीटर असते. अर्धा इंच ना आत, ना बाहेर. तो फक्त नावात उरला आहे.

अमेरिकेचं मात्र निराळंच. तिथे १८६४ मध्ये विल्यम सेलर्स या यंत्रं बनवणाऱ्या कारखानदाराने बोल्टसाठी ६० अंशांचा कोन सुचवला, आणि तिथल्या नळ्यांचे आटेही ६० अंशांचेच. घोटाळा असा, की अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हीकडे इंचामागे १४ आटेच. त्यामुळे तिकडून मुलाने पाठवलेला पाण्याचा फिल्टर आपल्या नळीवर दोन-तीन वेढे झकास बसतो, मग अडतो, आणि कितीही टेप गुंडाळा, झिरपत राहतो. दुकानात जाऊन अमेरिकी आट्यातून आपल्या आट्यात नेणारा जोड मागा. जास्त आवळू नका.

हीच गोष्ट प्लास्टिकच्या नळ्यांत जास्त महागात पडते. पांढरी यूपीव्हीसी अर्धा इंची नळी बाहेरून सुमारे २१ मिलिमीटर. फिकट पिवळसर सीपीव्हीसी, जी गरम पाण्याला वापरतात, तीही अर्धा इंची, पण बाहेरून जेमतेम १६! एकीचा कपलर, म्हणजे दोन नळ्या जोडणारा तुकडा, दुसरीला बसत नाही. चिकटवायचं सोल्युशनही दोघींचं वेगळं. डब्यावर नाव वाचून घ्या. म्हणून पुन्हा सांगतो: माप सांगू नका, नळीचा बोटभर तुकडा नाहीतर जुना भाग काउंटरवर ठेवा.

नळाबरोबर आणखी दोन वस्तू घ्या. एक, टेफ्लॉन टेप. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळायची, पहिला आटा उघडा ठेवून. आपली पातळ टेप असेल तर दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळलीत तर नळ आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. दुसरी वस्तू एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा. फरशीवर फरशी बसवल्यावर एल्बो भिंतीत खोल जातो आणि नळाचे आटे तिथवर पोचत नाहीत. पेन्सिल घालून खोली मोजा आणि तेवढा निपल घ्या. एक, दीड, दोन इंच अशा लांबीत मिळतो. इथे मात्र पट्टी चालते! भिंतीतला एल्बो निव्वळ प्लास्टिकच्या आट्यांचा असेल, तर टेपचे वेढे कमी घ्या आणि हाताने आवळल्यावर पान्याने एखादाच वेढा द्या. नळ सरळ दिसावा म्हणून आणखी अर्धा वेढा देण्याचा मोह होतो, आणि तिथेच एल्बो तडकतो. मग नुसता नळ बदलून भागत नाही, फरशी फोडावी लागते.

काम सकाळी काढा, दुकानं उघडी असताना. नळ बसला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि जोडाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पंधरा मिनिटं तसाच ठेवा. बोटाला न लागणारी ओल कागदावर लगेच दिसते. दिसली, तर भिजलेल्या टेपवर नळ पुन्हा आवळत बसू नका. नळ काढा, जुनी टेप खरवडून टाका आणि नवी गुंडाळा.

नमस्कार.