उतरेल सकाळपर्यंत

(दृश्य: पुणे, कर्वेनगर. शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ.)

दोन खोल्या, पाच मुलं. दाराशी चपलांचा ढीग, ओट्यावर गावाहून आलेला लाडवांचा डबा. फरशीवर पसरलेल्या पेपरवर शेंगदाणे, फरसाण, चिरलेला कांदा. परीक्षा संपली आहे. ‘आज बसायचं’ हे सकाळीच ठरलंय.

घरी आईबाबा फार तर एवढंच विचारतात, “तू पितोस का रे?” मुलगा “नाही” म्हणतो. विषय तिथेच मिटतो. किती पितोस आणि किती वेळात, हे विचारायचं राहून जातं. आणि जीव जातो तो त्यानेच.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपान म्हणते. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण २० ग्रॅम असतं. तीन पेगांत आकडा गाठला. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम. म्हणजे दीड बाटली. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्या मुलासमोर हा हिशेब एकदा कागदावर मांडा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं लागतात, व्हिस्की-रमसाठी २५, हेही त्याच कागदावर लिहा.

(दृश्य: तीच खोली. रात्रीचा एक.)

एक जण भिंतीशी उताणा पडलाय. हाका मारल्या तरी ओ देत नाही.

“झोपू दे रे. उतरेल सकाळपर्यंत.”

पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. त्यात उलटी झाली तर उताणा पडलेला मुलगा गुदमरतो. लिंबूपाणी, कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनी काही होत नाही. बेशुद्ध माणसाला पाजलेलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. हाकेला ओ देत नाही, श्वास अडखळतोय, ओठ निळसर पडलेत किंवा अंग गार लागतंय, यातलं एक जरी दिसलं तर त्याला कुशीवर वळवायचं, १०८ला फोन करायचा आणि जवळून हलायचं नाही.

फोन तर पाचही जणांकडे आहे. पण लावत कुणीच नाही. कारण ‘घरी कळेल’.

आईबाबांनो, त्या खोलीत तुम्ही नसता, तुमची भीती मात्र असते. तिच्यामुळे मित्राचा हात फोनपर्यंत जात नाही. म्हणून हे आधीच बोलून ठेवा: “तुझं पिणं मला मान्य नाही. पण रात्री दोनला फोन केलास तरी मी उचलीन. तुझ्यासाठी असो, नाहीतर मित्रासाठी. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, तू जेवल्यावर.”

आणि मग तो शब्द पाळा. वडील स्वतः दर शनिवारी बसत असतील, तर सुरुवात त्यांनी स्वतःपासून करावी. मुलं ते बघतच मोठी झालेली असतात.

हे वारंवार घडू लागलं तर एकट्याने झुंजू नका. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: स्वारगेट एसटी स्टँड. सकाळ.)

गावी परतणारे एक वडील खिडकीतून हात बाहेर काढून मुलाच्या मित्राच्या हातात चिठ्ठी देतात. “माझा नंबर आहे. कधीही लाव, बाळा.”